पक्षिछायाचित्रणासाठी स्पॉटिंग स्कोपची निवड : बारामती व इंदापूर परिसराच्या विशेष संदर्भात

सारांश
स्पॉटिंग स्कोपच्या नेत्रिकेस डिजिटल कॅमेरा अथवा मोबाइल जोडून दूरच्या पक्ष्यांचे छायाचित्र घेण्याच्या पद्धतीस डिजिस्कोपिंग असे म्हणतात. महाविद्यालयीन स्तरावर असे साधन खरेदी करताना बहुधा विशालनाचा आकडा हाच निकष मानला जातो. प्रस्तुत लेखात प्रकाश, स्थैर्य व हवेची स्थिती हे तीन घटक विशालनापेक्षा अधिक निर्णायक कसे ठरतात, याचे विवेचन केले आहे. त्यासाठी उजनी जलाशयाचा भिगवण परिसर, भादलवाडी तलाव, कडबनवाडीचे गवताळ माळरान व मयूरेश्वर अभयारण्य यांचा आधार घेतला आहे.

महत्त्वाचे शब्द : स्पॉटिंग स्कोप, डिजिस्कोपिंग, विशालन, वस्तुभिंग, निर्गम व्यास, भिगवण.

प्रस्तावना
पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. असे असूनही पक्षिवैविध्याच्या दृष्टीने हा परिसर संपन्न आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात असली, तरी जलाशयाचा फुगवटा इंदापूर, दौंड, करमाळा व कर्जत या तालुक्यांपर्यंत पसरलेला आहे. पावसाळ्यानंतर पाणी जसजसे ओसरते, तसतशी भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या गावांलगतची गाळाची उथळ मैदाने उघडी पडतात आणि तेथे रोहित, पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, टिलवे असे नाना प्रकारचे पक्षी उतरतात. जवळच असलेल्या भादलवाडी तलावातील बाभळींवर चित्रबलाकांची वीण होते. याउलट कडबनवाडी व सुपे येथील माळरान कोरडे आहे. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. केवळ ५.१४ चौ. कि.मी. क्षेत्राचे हे अभयारण्य चिंकाऱ्यासाठी प्रसिद्ध असले, तरी भोवत्या, धाविक, पखुर्डी यांसारख्या माळरानावरील पक्ष्यांच्या अभ्यासासही ते उपयुक्त आहे.

या परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र, पर्यावरणशास्त्र व भूगोल विभागांना क्षेत्रभेटीसाठी दूर जाण्याची गरज नाही. मात्र येथील पक्षी बहुधा दूर असतात. जलाशयाच्या काठापासून त्यांचे अंतर अनेकदा शे-दोनशे मीटरांहून अधिक असते आणि मधल्या गाळातून चालत जाणे शक्य नसते. माळरानावर आडोसा नसल्यामुळे मनुष्य जवळ येताच पक्षी उडतो. अशा स्थितीत साधन अपुरे असेल, तर निरीक्षक नकळत पुढे सरकत राहतो. पोट भरण्यात गुंतलेला थवा उठतो, विणीच्या झाडावरील पक्षी घरटे सोडतो आणि अभ्यासाचे मूळ प्रयोजनच बाधित होते. म्हणून स्कोपची निवड हा खरेदीपुरता प्रश्न राहत नाही, तो अभ्यासपद्धतीचाही प्रश्न आहे. जागा न सोडता नोंद घेता येणे हीच चांगल्या साधनाची कसोटी होय.

डिजिस्कोपिंगची पार्श्वभूमी
स्कोपमागे कॅमेरा धरण्याचा प्रयत्न फिल्मच्या काळातही होत असे, परंतु प्रकाश अपुरा पडल्याने व परिणाम तत्काळ दिसत नसल्याने त्यास मर्यादा होत्या. १९९९ च्या सुमारास मलेशियातील पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी निकॉन कूलपिक्स ९५० हा लहान डिजिटल कॅमेरा स्कोपच्या नेत्रिकेस लावून उत्तम छायाचित्रे मिळविली. त्याच वर्षी फ्रान्समधील पक्षिनिरीक्षक अ‍ॅलन फोसे यांनी डिजिस्कोपिंग ही संज्ञा रूढ केली. या कॅमेऱ्याचे भिंग आकाराने लहान होते आणि झूम करताना ते पुढे येत नसे. त्यामुळे नेत्रिकेतून बाहेर पडणारा प्रकाश त्यात पूर्णतः सामावत असे. आज लहान कॅमेऱ्यांची जागा बव्हंशी मोबाइलने घेतली आहे. मोबाइलचे भिंगही लहान असल्यामुळे तत्त्व तेच राहिले आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आज डिजिस्कोपिंगचा अर्धा भाग असतोच. उरलेला अर्धा भाग, म्हणजे स्कोप, महाविद्यालयाने पुरवावयाचा असतो.

विशालनाचे गणित
स्कोप व कॅमेरा यांच्या जोडणीचे सममूल्य नाभीय अंतर काढण्याची रीत सोपी आहे. स्कोपचे विशालन व कॅमेऱ्याचे ३५ मि.मी. मापातील सममूल्य नाभीय अंतर यांचा गुणाकार करावा. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे हे अंतर सुमारे २६ मि.मी. धरल्यास ४० पट विशालनावर १०४० मि.मी., म्हणजे ढोबळमानाने १००० मि.मी. मिळते.

१००० मि.मी. इतक्या सममूल्य अंतराने २०० मीटरवरील दृश्य टिपले, तर चौकटीत सुमारे ५ मीटर उंचीचे क्षेत्र येते. चित्राची उंची ३००० पिक्सेल असेल, तर एका मीटरच्या वाट्याला ६०० पिक्सेल येतात. त्यामुळे सव्वा मीटर उंचीचा रोहित ७५० पिक्सेल व पाऊण मीटर लांबीचा पट्टकादंब ४५० पिक्सेल व्यापतो. ओळख पटविण्यासाठी व अहवालात छापण्यासाठी हे पुरेसे आहे. १३ सें.मी. लांबीच्या छोट्या टिलव्याच्या वाट्याला मात्र केवळ ७८ पिक्सेल येतात. एवढ्यावरून चोचीची लांबी वा पायांचा रंग खात्रीने सांगणे कठीण असते.

यावरून विशालन वाढविले की प्रश्न सुटेल असे कोणासही वाटेल. येथेच निवडीतील मुख्य गफलत होते. विशालन दुप्पट केले की तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो. ३० पट विशालनावर शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग मिळत असेल, तर ६० पटीवर, अन्य सर्व घटक तेच ठेवल्यास, तो सव्वाशेवा भाग होतो. त्याच वेळी साधनाचा कंपही चित्रात दुप्पट दिसू लागतो. पूर्वीइतकेच स्थिर चित्र हवे असेल, तर वेग हजारावा भाग हवा, पण मिळतो तो सव्वाशेवा भाग. ही आठपटीची तूट केवळ कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता वाढवून भरून काढल्यास चित्र दाणेदार होते आणि विशालनाने मिळविलेला तपशील त्यातच हरवतो.

वस्तुभिंग व निर्गम व्यास
स्कोपमध्ये येणारा प्रकाश वस्तुभिंगाच्या व्यासावर अवलंबून असतो. बाजारात साधारणतः ५०, ६० ते ६५ व ८० ते ८५ मि.मी. व्यासाचे स्कोप मिळतात. त्याहून मोठेही उपलब्ध आहेत. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ६५ मि.मी. च्या तुलनेत ८० मि.मी. व्यासाचे वस्तुभिंग सुमारे दीडपट प्रकाश घेते.

वस्तुभिंगाच्या व्यासास विशालनाने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. यास येथे निर्गम व्यास म्हटले आहे. ६५ मि.मी. च्या स्कोपचा निर्गम व्यास २० पट विशालनावर ३.२५ मि.मी., ३० पटीवर २.१७ मि.मी. व ६० पटीवर जेमतेम १.०८ मि.मी. असतो. ८० मि.मी. च्या स्कोपसाठी हेच आकडे अनुक्रमे ४, २.६७ व १.३३ मि.मी. येतात. मोबाइलच्या मुख्य भिंगाचे प्रकाशछिद्र साधारण ३ मि.मी. असते. निर्गम व्यास याहून कमी झाला की कॅमेऱ्याचे छिद्र पूर्ण भरत नाही आणि चित्र अंधारू लागते. व्यवहारात निर्गम व्यास २ मि.मी. च्या खाली न जाऊ देणे हितावह ठरते. याचा अर्थ ६५ मि.मी. च्या स्कोपवर सुमारे ३० पट व ८० मि.मी. च्या स्कोपवर सुमारे ४० पट ही छायाचित्रणाची सोयीची मर्यादा होय. ५० मि.मी. च्या स्कोपवर ६० हा आकडा छापलेला असला, तरी तेथे निर्गम व्यास ०.८३ मि.मी. इतकाच उरतो. असा आकडा जाहिरातीस उपयोगी, छायाचित्रास निरुपयोगी.

काचेचा दर्जा
भिन्न रंगांचे किरण भिंगातून भिन्न प्रमाणात वळतात. त्यामुळे वस्तूच्या कडेला जांभळी किंवा हिरवी किनार दिसते. यास वर्णविपथन म्हणतात. हा दोष सर्वांत ठळक दिसतो तो गडद पार्श्वभूमीवरील शुभ्र कडेवर. गडद पाण्यातील रोहित, बाभळीच्या छायेतील चित्रबलाक व पट्टकादंबाचे पांढरे डोके ही आपल्या परिसरातील नित्याची दृश्ये नेमकी त्याच प्रकारची आहेत. डोळ्याने पाहताना मेंदू या किनारीकडे काहीसे दुर्लक्ष करतो, कॅमेरा करीत नाही. म्हणून केवळ निरीक्षणासाठी साधी काच चालू शकेल, परंतु छायाचित्रणासाठी कमी अपस्करणाची, म्हणजे ईडी किंवा फ्लोराइट काच असलेले वस्तुभिंग शक्य तो घ्यावे. मर्यादित निधीत मोठ्या व्यासाची साधी काच की लहान व्यासाची ईडी काच, असा प्रश्न उद्भवल्यास दुसरा पर्याय सामान्यतः अधिक उपयुक्त ठरतो.

हवेची मर्यादा
तात्त्विकदृष्ट्या ६५ मि.मी. व्यासाचे वस्तुभिंग २०० मीटरवरील सुमारे पावणेदोन मि.मी. अंतराचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकते. प्रत्यक्षात असा तपशील क्वचितच मिळतो, कारण मधली हवा स्थिर नसते. सूर्य वर आला की मुरमाड जमीन तापते, तिच्यालगतचे हवेचे थर कमी-अधिक उष्ण होतात आणि त्यांचा अपवर्तनांक क्षणोक्षणी बदलतो. दृश्य लाटांप्रमाणे हलू लागते. कडबनवाडी व मयूरेश्वर येथील उघड्या माळावर हा परिणाम फार लवकर जाणवतो. हिवाळ्यात पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असल्यास जलाशयावर धुकेही साचते. धुके विरल्यानंतरचा व ऊन तापण्यापूर्वीचा काळ हाच उत्तम. कोणतीही महाग काच तापलेल्या हवेवर उपाय करू शकत नाही. अशा वेळी विशालन वाढविल्यास पक्षी मोठा दिसत नाही, थरथर मोठी दिसते. दृष्टिरेषा जमिनीपासून थोडी उंच ठेवणे, सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडणे व दुपारचा वेळ गणनेसाठी राखून ठेवणे हे उपाय विनामूल्य आहेत.

तथापि अधिक विशालनाचे एक रास्त प्रयोजन आहे. मंगोलियात संशोधकांनी गळपट्टे चढविलेले पट्टकादंब भारतात आढळल्याच्या नोंदी आहेत. अशा पट्ट्यावरील सांकेतिक अक्षरे वाचता आली, तर एका थंडीतील निरीक्षण आंतरराष्ट्रीय स्थलांतराच्या अभ्यासाशी जोडले जाते. पूर्वोक्त गणितानुसार २०० मीटरवर १ सें.मी. उंचीच्या अक्षराच्या वाट्याला ६ पिक्सेल येतात. एवढ्यावर अक्षर वाचता येत नाही. तेव्हा स्थिर हवेत विशालन वाढवावे, स्कोपमधून डोळ्याने वाचन करावे आणि पुरावा म्हणून चलचित्र घ्यावे. हवेची थरथर क्षणभर थांबते, त्या क्षणाची चौकट चलचित्रातून निवडता येते. ४के चलचित्राची एक चौकट सुमारे ८० लक्ष पिक्सेलची असते आणि नोंदीसाठी ती पुरेशी ठरते.

स्थैर्य : ट्रायपॉड, काठ आणि नाव
भिगवण परिसरात स्थानिक मच्छीमारांच्या नावेतून पक्षिनिरीक्षण करण्याची पद्धत रूढ आहे. नावेत स्कोप निरुपयोगी ठरतो, कारण ट्रायपॉड नावेबरोबरच हलतो. तेथे हातात धरावयाची दुर्बीण व दूरभिंग लावलेला कॅमेराच योग्य. स्कोप हे काठावरून वापरावयाचे साधन आहे. ज्या विभागाच्या क्षेत्रभेटी मुख्यतः नावेतून होतात, त्याने स्कोपवरील खर्चाचा पुनर्विचार करावा. ज्यास काठावरून नियमित गणना करावयाची आहे, त्यास मात्र स्कोपला पर्याय नाही.

धरणाच्या मोकळ्या काठावर वारा असतो. हलक्या ट्रायपॉडवर ठेवलेला महाग स्कोप हा खर्चाचा अपव्यय होय. एकूण निधीतील ठरावीक रक्कम मजबूत ट्रायपॉड व सावकाश फिरणाऱ्या फ्लुइड हेडसाठी आधीच वेगळी काढावी. मधला दांडा वर न काढणे, दांड्याच्या हुकास वजनदार पिशवी अडकविणे व बोटाने पडद्यास स्पर्श न करता टायमर अथवा दूरनियंत्रकाने शटर चालविणे, एवढ्यानेही चित्रांत लक्षणीय फरक पडतो.

स्कोपची नेत्रिका सरळ असावी की कोनात, हाही प्रश्न विचारला जातो. विद्यार्थिसमूहासाठी कोनात वळलेली नेत्रिका सोयीची असते. कमी-अधिक उंचीचे विद्यार्थी ट्रायपॉड वरखाली न करता पाहू शकतात, शिवाय ट्रायपॉड कमी उंचीवर ठेवता येत असल्याने तो अधिक स्थिर राहतो. नेत्रिकेपासून डोळा किती अंतरावर ठेवता येतो, तेही पाहावे. हे अंतर १५ ते २० मि.मी. असल्यास चष्मा वापरणाऱ्यांना पूर्ण दृश्य दिसते आणि मोबाइल बसविणेही सोपे जाते. चित्राच्या कडा काळ्या येत असल्यास कॅमेरा किंचित झूम केल्याने त्या बहुधा नाहीशा होतात. मोबाइल पकडणारा जोड नेत्रिकेच्या बाह्य व्यासास बसणारा असावा. विद्यार्थ्यांचे मोबाइल भिन्न आकारांचे असतात, म्हणून जोड मागेपुढे सरकविता येणारा असणे आवश्यक आहे.

पर्यायी साधनांशी तुलना
निवडीपूर्वी अन्य पर्यायांचा प्रामाणिक विचार झाला पाहिजे. निकॉनचा कूलपिक्स पी १००० हा २०१८ मधील कॅमेरा ३००० मि.मी. सममूल्य अंतर देतो. त्याचे प्रत्यक्ष नाभीय अंतर ५३९ मि.मी. व त्या ठिकाणचे छिद्रमान ८ असल्याने प्रकाश घेणारा व्यास सुमारे ६७ मि.मी. येतो. म्हणजेच तो ६५ मि.मी. च्या स्कोपच्या तोडीचा प्रकाश घेतो. ६०० मि.मी. नाभीय अंतर व ६.३ छिद्रमान असलेल्या दूरभिंगाचा व्यास सुमारे ९५ मि.मी. असतो आणि उडत्या पक्ष्याच्या छायाचित्रासाठी ते स्कोपपेक्षा कितीतरी सरस ठरते. मोबाइल जोडलेल्या स्कोपवर उडता पक्षी टिपणे जवळपास अशक्य असते.

मग स्कोप का घ्यावा? कारण कॅमेरा एका वेळी एकाच्या हाती असतो, तर स्कोपमधून वीस विद्यार्थी रांगेने तोच पक्षी पाहू शकतात आणि प्रत्येकजण आपल्या मोबाइलवर त्याची नोंद घेऊ शकतो. थव्यातील पक्षी मोजणे, बसलेल्या पक्ष्याची ओळख पटविणे व घरट्यावरील वर्तन दुरून, दीर्घकाळ पाहणे यांसाठी स्कोप श्रेष्ठ आहे. येथे छायाचित्र हे निरीक्षणाचे उपफल असते. एकट्या छायाचित्रकारासाठी दूरभिंग आणि अध्यापन व गणनेसाठी स्कोप, असा ढोबळ विवेक करता येईल.

खरेदीविषयक सूचना
महाविद्यालयात खरेदीपूर्वी सामान्यतः दरपत्रके मागविली जातात व कमी दराचा विचार होतो. मागणीपत्रात '६० पट विशालनाचा स्कोप' एवढेच लिहिले असेल, तर सर्वांत हलका स्कोपही ती अट पूर्ण करतो आणि नियमानुसार तोच पदरी पडतो. असे साधन एकदा घेतले की विभागास पुढील अनेक वर्षे त्यावरच भागवावे लागते. म्हणून मागणीपत्रातील शब्दरचनाच निर्णायक असते. त्यात पुढील बाबी स्पष्ट नोंदवाव्यात :

१. वस्तुभिंगाचा व्यास किमान ६० मि.मी.; निधी असल्यास ८० मि.मी.
२. वस्तुभिंगात ईडी वा तत्सम काच. सर्व भिंगांवर बहुस्तरीय लेप.
३. किमान विशालन १५ ते २० पट. कमाल विशालनास प्राधान्य नको.
४. कोनात वळलेली नेत्रिका. चष्म्यासह पूर्ण दृश्य दिसेल इतके नेत्रांतर.
५. नायट्रोजनभरित, जलरोधक बांधणी. पावसाळी दमटपणात भिंगांवर बुरशी धरते, त्यापासून आतील भिंगांचे यामुळे संरक्षण होते. साधन बंद पेटीत सिलिका जेलसह ठेवावे.
६. मोबाइल जोड, ट्रायपॉड व फ्लुइड हेड यांचा त्याच मागणीपत्रात समावेश.
७. खरेदीपूर्वी प्रात्यक्षिकाची अट.

प्रात्यक्षिकासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. महाविद्यालयाच्या मैदानावर सकाळी लवकर ५० मीटरवर लहान-मोठ्या अक्षरांचा छापील कागद लावावा व तो २०, ३० व ६० पट विशालनावर वाचून पाहावा. ३० पटीवर वाचता न येणारी ओळ ६० पटीवरही वाचता येत नसेल, तर वरचे विशालन पोकळ आहे असे समजावे. नंतर काळ्या कापडावर पांढरा कागद लावून मोबाइलने छायाचित्र घ्यावे आणि कडेची रंगीत किनार तपासावी. अर्ध्या तासाच्या या चाचणीतून जे कळते, ते माहितीपत्रकातून कळत नाही.

समारोप
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, स्पॉटिंग स्कोपची निवड विशालनाच्या आकड्यावर न करता वस्तुभिंगाचा व्यास, काचेचा दर्जा, ट्रायपॉडचे स्थैर्य व प्रत्यक्ष वापराचे स्थळ यांवर करणे योग्य ठरते. बारामती-इंदापूर परिसरातील महाविद्यालयांसाठी ६० ते ६५ मि.मी. चा ईडी काचेचा, कोनात वळलेल्या नेत्रिकेचा स्कोप व भक्कम ट्रायपॉड ही जोडी खर्च व उपयुक्तता यांचा मेळ घालणारी आहे. कुंभारगावच्या काठावरून ज्या विद्यार्थ्यास रोहिताची वाकडी चोच स्पष्ट दिसते, त्यास आणखी पुढे जाण्याची इच्छा उरत नाही. थवा जागचा हलला नाही आणि नोंद पूर्ण झाली, तर साधनाची निवड योग्य झाली असे मानण्यास हरकत नाही.